मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेला माणूस : घरच्यांनी काय, कधी आणि किती करायचं

सर्जन बाहेर येऊन "ऑपरेशन छान झालं" म्हणतात, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की गाठ निघाली, रक्तस्राव थांबला, पेशंट शुद्धीवर येतोय. तो नीट चालेल कधी, त्याला शब्द सापडतील कधी, स्वतःच्या हाताने आंघोळ करेल कधी, याबद्दल त्या वाक्यात काहीच नसतं. ते सगळं पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत घरी घडतं, आणि तिथे बघायला डॉक्टर नसतात, आपण असतो.

हा लेख मुख्यतः कवटी उघडून मेनिंजिओमासारखी (मेंदूच्या आवरणातून वाढणारी) गाठ काढलेला पेशंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. साकळलेलं रक्त काढलेल्या किंवा अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसालाही यातलं बरंच लागू पडतं. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. आमच्या घरी हे सासऱ्यांच्या निमित्ताने शिकावं लागलं. तुमच्या डॉक्टरांचं सांगणं आणि इथलं यात फरक दिसला तर डॉक्टरांचं ऐका. स्कॅन त्यांनी पाहिलाय.

घरच्यांची सगळी धडपड सेवेकडे झुकते: भरवणं, उचलणं, पाय चेपणं. या आजारात दोन कामं त्याहून महत्त्वाची आहेत. एक, रोज त्याच पद्धतीने पेशंटकडे बघणं आणि लिहून ठेवणं. दुसरं, त्याला जे जमतंय ते त्याच्या हातातून काढून न घेणं. दुसरं जास्त अवघड आहे.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, इन्शुरन्स आणि गाडी या गडबडीत कुणालाच काही सुचत नाही. म्हणून आदल्या दिवशी एक वही घेऊन वॉर्डात बसा आणि नर्ससमोर स्वतः करून बघा: पलंगावरून उठवणं, कमोडवर बसवणं, नळी असेल तर त्यातून फीड देणं. "बघून ठेवलंय" आणि "करून पाहिलंय" यात फार अंतर असतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधीच लिहून न्या. टाके कधी काढायचे (साधारण सात ते चौदा दिवसांत निघतात), केस कधी धुवायचे, स्टेरॉईड कसं कमी करत न्यायचं, फिटची गोळी किती काळ, सोडियमची तपासणी कधी, रात्री दोन वाजता फोन करायची वेळ आली तर कुठल्या नंबरवर. आणि एक प्रश्न हमखास राहून जातो: ऑपरेशनआधी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची का, आणि कोणत्या तारखेपासून? हृदयाचे डॉक्टर वेगळे आणि मेंदूचे वेगळे असले की ही गोळी दोघांच्या मधल्या फटीत पडते. तारीख लेखी घ्या.

कागदांत डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट्स, स्कॅनची सीडी आणि आत काही बसवलं असेल (शंट म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी, क्लिप, प्लेट) तर त्याचं कार्ड किंवा स्टिकर हवं. पुढे कुठल्याही एमआरआयच्या वेळी ते मागितलं जातं.

पैशांबद्दल थोडक्यात: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारा उपचार असेल तर मंजुरी पेशंट दाखल असतानाच घ्यावी लागते, म्हणून हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पहिल्या दिवशीच गाठा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. दर्शनी भागात बोर्ड असतो, तरी विचारावंच लागतं.

घर लावून घेणं

फार खर्च करू नका. न्हाणीघरात न घसरणारी चटई, बसून आंघोळीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीला पकडायला दांडी, आणि आतून कडी लावायची नाही हा नियम. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड चेअर आणा. उकिडवं बसून कुंथणं या काळात अजिबात नको, त्याने डोक्यातला दाब वाढतो. पलंगाचं उसं साधारण ३० अंश उंच ठेवायला सांगितलं असेल तर उशा मानेखाली रचू नका, पाठीपासून चढ द्या. मान पुढे मुडपली तर उलटाच परिणाम होतो.

भरलेली बादली, सिलिंडर, नातवंड, यातलं काहीही उचलायचं नाही. डोकं कमरेच्या खाली जाईल असं वाकायचं नाही. हे सांगूनही देवासमोर वाकून नमस्कार होतोच. तेव्हा देवघरासमोर खुर्ची ठेवून मोकळे व्हा.

रोजची पाच मिनिटांची तपासणी

सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, रोज त्याच क्रमाने:

१. नाव, आज कोणता वार, आपण कुठे आहोत हे विचारा.
२. दात दाखवून हसायला सांगा. तोंडाची एक बाजू मागे राहते का बघा.
३. डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर करून धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. एक हात हळूहळू खाली येतो का, आत वळतो का?
४. झोपलेल्या स्थितीत एकेक पाय उचलायला सांगा.
५. एक साधं वाक्य तुमच्यामागून म्हणायला सांगा.
६. डोकेदुखी दहापैकी किती, ते विचारा.

उत्तरं वहीत लिहा. आजचा आकडा एकटा काही सांगत नाही, कालच्या आणि परवाच्या शेजारी ठेवला की सांगतो. ज्या हातात आधीपासून कमजोरी आहे तो खाली येणारच. काल जेवढा येत होता त्यापेक्षा आज जास्त येतोय का, हा प्रश्न आहे.

पेशंट खूप झोपतो, याने घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा थकवा खरा असतो आणि काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. थकून झोपलेला माणूस हाक मारली की उठतो, धड उत्तर देतो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. हलवूनही अर्धवट डोळे उघडणारा, उत्तर देता देता विझणारा माणूस थकलेला नाही. त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.

तशीच ताबडतोब धाव घ्यायची इतर कारणं: वाढत जाणारी डोकेदुखी आणि वारंवार उलट्या, नव्याने आलेली कमजोरी, वाकडं तोंड किंवा अडखळणारं बोलणं, पहिल्यांदाच आलेली फिट, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव, ताप, विशेषतः मान आखडून, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक लागलेली धाप. १०८ ला फोन करा. फोनवर "मेंदूचं ऑपरेशन झालेला पेशंट" हे शब्द पहिल्या वाक्यात आले पाहिजेत.

जखमेच्या आसपास बधिरपणा, आतून टकटक किंवा बुडबुड असा आवाज, कानशिलाजवळून शस्त्रक्रिया झाली असेल तर चावताना जबडा दुखणं, हे त्रासदायक असलं तरी बहुधा हळूहळू जातं. पुढच्या भेटीत सांगा, रात्री धावपळ नको.

वृद्ध माणसाचं मेंदूवर साकळलेलं जुनं रक्त भोक पाडून काढलं असेल तर ते काही आठवड्यांनी पुन्हा साठू शकतं. तिथे चालीकडे लक्ष ठेवा: पाय घासत चालणं, एका बाजूला झुकणं, कालपर्यंत जमणारं बटण न लागणं.

औषधं

गोळ्यांचा साप्ताहिक डबा आणा आणि तो भरायचं काम एकाच माणसाकडे द्या. दोघांनी भरलेल्या डब्यात एक तरी गोळी दुहेरी पडते.

फिटच्या गोळीची वेळ चुकवायची नाही. लेव्हेटिरासिटॅम बऱ्याच जणांना दिलं जातं आणि काही पेशंट त्यावर फार चिडचिडे होतात, उदास होतात, क्वचित टोकाचं बोलतात. घरात त्याचा अर्थ "स्वभाव बिघडला" असा लावला जातो. ते डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. स्वतःहून मात्र बंद करू नका, अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. फेनिटॉईन हे फिटचं दुसरं औषध चालू असेल आणि पेशंट झोकांड्या जाऊ लागला, डोळे भिरभिरू लागले तर रक्तातलं प्रमाण तपासायला हवं. एखादी वेळ चुकली तर आठवताक्षणी द्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन गोळ्या एकदम देऊ नका, फोन करून विचारा.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड मेंदूची सूज उतरवतं. त्यावर भूक खवळते, झोप उडते, साखर वाढते, पेशंट कधी भलताच उत्साही तर कधी रडवेला होतो. मधुमेह असेल तर घरी ग्लुकोमीटर हवाच. नसला तरी तहान आणि लघवी वाढली तर साखर तपासा. दिवसातली शेवटची गोळी दुपारीच देता येईल का, हे विचारून घ्या, म्हणजे रात्रीचा जागर कमी होतो. ही गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. "आता बरं वाटतंय, स्टेरॉईड वाईट असतं" असं म्हणून कुणी हितचिंतकाने ती बंद करायला लावली तर सूज परत येते, आणि शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायला अजून तयार नसेल तर बीपी कोसळू शकतं. पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्यांना तर हे दुप्पट लागू. त्यांची हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडची गोळी एकदाही चुकता कामा नये, आणि खूप तहान व भरमसाठ पाण्यासारखी लघवी सुरू झाली तर त्याच दिवशी कळवा.

दुखण्यावर लिहून दिलेलं पॅरासिटामॉल तेवढंच. घरातली आयबुप्रोफेन असलेली गोळी विचारल्याशिवाय नको, रक्तस्रावाचा धोका असतो. नळीतून औषध देत असाल तर प्रत्येक गोळी कुटता येत नाही हे लक्षात ठेवा. पॅन्टोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की बिघडतात. सिरप आहे का ते विचारा. ब्राह्मी, अश्वगंधा, कुणाच्या ओळखीच्या वैद्याच्या पुड्या, जे काही द्यायचं मनात असेल ते आधी डॉक्टरांना दाखवा. फिटच्या औषधांशी काय जमतं आणि काय जमत नाही, हे घरात बसून ठरवता येत नाही.

फिट आली तर

घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, गळ्याजवळचं बटण सोडा, चष्मा काढा. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही, फक्त श्वासाच्या वाटेत एक वस्तू येते. पहिलीच फिट असेल, पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय हे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत हवं.

प्रत्येक फिट अंग हलवत येत नाही. ओठाचा कोपरा उडणं, एका बोटाचा झटका, मिनिटभर शून्यात बघणं, हेही असू शकतं. जमलं तर मोबाईलवर शूट करा, डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

खाणं, गिळणं आणि शहाळी

गिळण्याची चाचणी झाली आहे का, हे घरी येण्याआधी विचारा. कमकुवत गिळण्यात पाणी सगळ्यात धोक्याचं, कारण ते पातळ असल्याने चटकन श्वासनलिकेत जातं. पूर्ण ताठ बसवून, छोट्या घोटांनी, टीव्ही बंद ठेवून द्या, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवताना ठसका, जेवल्यावर घोगरा ओला आवाज, गालात साठून राहिलेला घास ही लक्षणं दिसली तर थांबा आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. गिळण्याचं काम तेच बघतात. दरम्यान घट्टसर पेज, मऊ भात, दह्यासारखे एकजीव पदार्थ बहुधा सोपे जातात. पोह्यांसारखं सुटं आणि कोरडं काही नको.

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. गोंधळ, मळमळ, सुस्ती, फिट, सगळं त्याने होतं. आणि नेमकं याच काळात भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं. सोडियम उतरलेल्या पेशंटला कधी पाणी कमी करायला सांगतात, कधी मीठ वाढवायला. दोन्हीची कारणं वेगळी असतात. रिपोर्ट हातात घेऊन विचारा, आणि तोवर शहाळी पाहुण्यांनाच पाजा. बीपीमुळे घरात मीठ कमी केलेलं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. लागेल तर सारक औषध लिहून घ्या.

जखम

रोज एकदा उजेडात बघा, दोन दिवसांनी एकदा फोटो काढा. हळद, तेल, पावडर काही नाही. लाली पसरणं, पू, उघडलेली कड दिसली तर दाखवा. डोकं भादरलेलं पाहून लहान मुलं बिचकतात. त्यांना आधी सांगून मग खोलीत आणा. बायकांना केस गेल्याचं दुःख ऑपरेशनपेक्षाही जास्त वाटू शकतं. "केस काय, येतील परत" हे वाक्य टाळा आणि एक मऊ सुती रुमाल आणून द्या.

अंग आणि चालणं

कमजोर हाताला धरून कधीही ओढून उठवू नका. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असतात, सांधा सरकतो, आणि मग महिनोन्‌महिने खांदा दुखतो. हात उशीवर टेकलेला ठेवा, उठवताना कमरेला किंवा पाठीला आधार द्या. अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं चुकत नाही.

फिजिओथेरपिस्ट अर्धा-पाऊण तास येतात. उरलेल्या दिवसात काय होतं, यावर सुधारणा ठरते. शर्टाचं बटण लावायला त्याला दहा मिनिटं लागतात आणि तुम्हाला दहा सेकंद. ती दहा मिनिटं हाच व्यायाम आहे. हात मागे बांधून उभं राहायला शिका. पडण्याचा धोका असेल तिथे मात्र जवळ राहा, कमजोर बाजूला.

काहींना एका बाजूचं दिसत नाही, किंवा दिसत असूनही मेंदू तिकडे लक्षच देत नाही. ताटाच्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि आपण म्हणतो, आवडली नसेल. ताट फिरवून बघा.

शब्द सापडत नाहीत तेव्हा

चष्मा हवा असतो आणि तोंडातून "पाणी" येतं. समज बऱ्याचदा शाबूत असते, म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. "काय हवंय बाबा?" असं विचारण्यापेक्षा वस्तू दाखवून "बाबा, चष्मा देऊ?" असं विचारा, म्हणजे हो-नाहीत उत्तर येतं. एका वेळी एकच जण बोला. शब्द लगेच पुरवू नका, दहा सेकंद थांबा. स्वतःचं वाक्य बनवता न येणारा माणूस आरती, पाढे, वारांची नावं सलग म्हणून जातो. पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. तेव्हा हुरूप येतो, तो वापरा, पण "म्हणजे बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत" असा निष्कर्ष काढू नका. स्पीच थेरपी मातृभाषेत मिळेल असं बघा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते.

स्वभाव

घरं थकतात ती इथे. मेंदूचा पुढचा भाग दुखावला की माणूस स्वतःहून काहीच सुरू करत नाही. बसवलं तर बसून राहतो, भूक लागली तरी मागत नाही. नातेवाईक त्याला आळशी म्हणतात. किंवा उलट होतं: आयुष्यभर मोजकं बोललेले गृहस्थ पाहुण्यांसमोर शिवी देतात, सुनेला काहीतरी लागट बोलतात. यातलं बरंचसं दुखापतीमुळे येतं, थोडं औषधांमुळे, थोडं स्वतःची अवस्था कळल्यामुळे. कोणतं कशामुळे, हे वहीत वेळेसह लिहिलं तर सापडायला लागतं: गोळीनंतर दोन तासांनी, संध्याकाळी थकल्यावर, की घरात गर्दी असताना?

काही सुरूच न करणाऱ्या माणसाला "आता काय करायचंय?" विचारून उपयोग नसतो. पर्याय द्या, तेही दोनच: "अहो, आधी दाढी की आधी चहा?" भिंतीवर दिवसाचा तक्ता लावा. चिडलेल्या माणसाशी वाद घालू नका, आवाज आणि माणसं कमी करा, दहा मिनिटांनी परत या. सुनेला किंवा बायकोला ते बोलणं सोसावं लागतं, तेव्हा "आजारी आहेत, मनावर घेऊ नकोस" एवढ्यावर बाकीच्यांनी सुटू नये. त्या दिवशी तिची सेवेची पाळी दुसऱ्याने घ्यावी. उदासी आठवडे टिकली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर मनोविकारतज्ज्ञ लागतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पेशंटइतकाच सांभाळणाऱ्यालाही आहे.

पाहुणे आणि पाळ्या

भेटीची वेळ एकच ठेवा, संध्याकाळचा एखादा तास, आणि एका वेळी दोघे. सर्दी-खोकला असलेल्यांनी फोन करावा. घरातल्या एका कडक माणसाला दारावर नेमा. आत्या किंवा काका रागावतील, पण महिन्याभरात विसरतील. "कुणाकुणाचं असं ऑपरेशन झालं होतं, मग..." असं सुरू करणाऱ्यांना चहाला स्वयंपाकघरात बोलवा.

रात्रीची पाळी सलग एकाच माणसाकडे नको. ब्युरोतून मावशी किंवा ब्रदर ठेवणार असाल तर पहिले काही दिवस घरचं कुणीतरी सोबत राहा, वहीतली तपासणी त्यांनाही शिकवा आणि औषधांचा डबा आपल्याकडे ठेवा. परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांकडे इन्शुरन्सचा पाठपुरावा, अपॉइंटमेंट आणि बिलं द्या. व्हिडिओ कॉलवर सल्ले देण्यापेक्षा ते बरं.

पुढचे महिने

गाठीचा बायोप्सी रिपोर्ट यायला काही दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. पुढे रेडिएशन लागणार असेल किंवा टाटासारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायचं असेल, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाईड (काचेवरचे त्याचे नमुने) लागतात. लॅबमधून ते मिळवायची सोय आधीच करून ठेवा.

सूज फार असल्यामुळे कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर त्या बाजूवर झोपू देऊ नका, उठल्या-बसल्या हेल्मेट घाला, आणि पलंगाशी मोठ्या अक्षरांत "या बाजूला हाड नाही" असं लिहून लावा. हाड परत बसवण्याची तारीख पुढे असते. तोवर तो भाग आत गेलेला किंवा बाहेर आलेला दिसू शकतो, पण अचानक फुगून कडक झाला तर थांबू नका. शंट बसवलेला असेल आणि तो बाहेरून चुंबकाने सेट होणारा असेल, तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं.

कामावर परतताना अर्ध्या वेळेपासून सुरुवात करा. हिशेब, निर्णय, एका वेळी दोन कामं, हे चालण्या-बोलण्याच्या नंतर परत येतं. तोवर यूपीआयची मर्यादा कमी करा आणि मोठ्या रकमेच्या व्यवहारात कुणीतरी सोबत बसा. हे त्यांच्याशी बोलून करा, मोबाईल लपवून नको. विमानप्रवास आणि गाडी चालवणं डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. लायसन्सच्या अर्जात फिटच्या आजाराबद्दल विचारलेलं असतं, आणि दृष्टीची एक बाजू गेली असेल तर ते स्वतः चालकाला कळतही नाही. स्कूटरवर मागे बसायचं असेल तरी आधी विचारा: हेल्मेट जखमेवर कुठे टेकतंय, हे डॉक्टरांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं.